आवाज दोन

...न्हाई, पण मला एक सांगा, सिनेमा हा बघायचा असतो का ऐकायचा? आं? बघायचा ना? मग पडद्यावर ती बाई ऊर बडवून रडून राहिली, आडात बादली सोडून राहिली, बादली खाली खडकावर खण्णकन वाजली... अन् नेमक्या त्याच टायमाला वरून एक माणूस बोलतो, "इथे मला आठवतं, त्या दिवशी आमच्या जेवणात वांग्याची भाजी होती." अरे बाबा! तिच्या घरात तीन दिवस चूल न्हाई, अन् तू वांगं सांगून राहिला? बरं, सांगितलं एकदा, सोडून दे! न्हाई. वांग्यावरून आचाऱ्यावर गेला, आचाऱ्यावरून आचाऱ्याच्या मेव्हण्यावर गेला, ती बाई रडून रडून उठून गेली, दुसरा सीन आला, बैल आले, बैल गेले, अन् तो माणूस बोलूनच राहिला!

बसा, बसा. घागरी ठेवा लाईनीत अन् इकडं सावलीला या. टँकर यायला अजून तास हाय. या दोन निळ्या माझ्या. हाव, प्लॅस्टिकच्या. हसू नका! जळकोटातला भांडेवाला माणिकप्पा, ज्याच्या बापानं निजामाच्या टायमाला तांबं-पितळ विकलं, तो प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन टँकरच्या लाईनीत का बसला, हेच तर सांगून राहिलो. हसायचं ते शेवटी हसा, एकदम हसा, सुटं सुटं हसू नका.

झालं काय, महिन्याखाली मी लातूरला गेलतो, माल आणायला. माल कसला? ह्याच घागरी. आता तुमच्यापासून काय लपवायचं, पाऊस पडला की लग्नं होतात, रुखवतं मांडतात, माझ्या दुकानात तांबं-पितळ खपतं. पाऊस न्हाई पडला की प्लॅस्टिक खपतं. वरच्यानं माझं दोन्हीकडून भागवलं, त्याला मी काय करू? लाज वाटते, न्हाई असं न्हाई. पण मी दुकान बंद केल्यानं कुणाची तहान भागत न्हाई. तर लातूरला गेलो, तिथं तर तुम्हाला मालूमच हाय, रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं. अन् गंजगोलाईच्या बाजारात एक मोबाइलवाला जुना माल काढून बसला होता. डीव्हीड्यांचा ढीग. मी आपला सावलीसाठी उभारलो. सहज हात घातला, अन् हातात काय आलं? 'रित्या आडाची लेक'! महादेवाची आण, अंगावर काटा आला. आमच्या गावचा सिनेमा!

तुम्ही तेव्हा जन्मलेले न्हाई. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो, पण खरी होरपळ झाली त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. सारं गाव खडी फोडायला, पोटाला सरकारी सुकडी अन् तो परदेशी लाल मिलो जोंधळा. लातूर तेव्हा जिल्हाच नव्हता, आम्ही उस्मानाबादेत. त्याच्या आधी बीदरात. पुढं ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला, आता म्हणून राहिलेत उदगीर जिल्हा होणार, कागद वर गेलाय. मी म्हणतो, आमचं गाव जागचं हललं न्हाई, आम्ही हललो न्हाई, नुसते जिल्हे आमच्या डोक्यावरून ये-जा करून राहिले, ढगासारखे. अन् ढगासारखेच कोरडे. जाऊ द्या. तर त्या उन्हाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. दुष्काळाचा सिनेमा काढायचा म्हणून दुष्काळ हुडकत आले, अन् आमच्यापेक्षा चांगला दुष्काळ त्यांना कुठं मिळणार? माल बघितला, पसंत केला, बारा दिवस राहिले.

तर डीव्हीडीच्या कव्हरवर काय लिहिलेलं? 'विशेष आवृत्ती. दिग्दर्शकाच्या समालोचनासह.' मी म्हटलं, समालोचन? ते तर क्रिकेटचं असतं, अमका धावत आला, तमका आउट झाला. सिनेमात कोण आउट होणार हाय? मला काय मालूम, की मीच होणार हाय!

आता घरातली एक गोष्ट सांगतो. सांगायची नसते, पण टँकर आला न्हाई अजून. आमच्या घरात एका घागरीचं भांडण हाय. त्रेचाळीस वर्षांचं. आमची मंडळी, शिवगंगा, मुखेडची. लग्नात तिच्या मामानं तिला तांब्याची घागर दिलती. घागर घेतली आमच्याच दुकानातून, अन् त्यावर नाव कुणी घातलं? मी! भांड्यावर नाव ठोकायचं काम दुकानात माझ्याकडंच होतं. बाप गल्ल्यावर, अन् मी नवरदेव, लगीन आठ दिवसांवर, बायकोच्या घागरीवर बायकोचं नाव ठोकून राहिलो, 'चि. सौ. कां. शिवगंगा हिस मामांची भेट'. अन् नाव झाल्यावर बापाची नजर चुकवून खाली एक बेलाचं पान ठोकलं. तीन पाकळ्यांचं. वाकडं आलं. असलं पान मी आयुष्यात एकाच भांड्यावर ठोकलं, त्याच्या आधी न्हाई, नंतर न्हाई. गिऱ्हाइकानं मागितलं तरी न्हाई.

ती घागर त्या शूटिंगच्या दिवसांत गेली. गेली म्हणजे गेली! मी दोन दिवस उदगीरला गेलतो, माल आणायला... का गेलतो ते पुढं येईल, नका घाई करू... परत येऊन बघतो तर पाण्याच्या जागी मातीचा डेरा. म्हटलं, घागर कुठं हाय? म्हणली, सिनेमावाल्यांनी नेली, देतो म्हणलेत परत. मी म्हटलं, सिनेमावाले तर सकाळीच गेले गाव सोडून! अन् त्याच दिवशी काय झालतं, हिचा भाऊ रेवणसिद्ध मुखेडहून आलता, अन् मी एसटीतून उतरून राहिलो तर तो चढून राहिला, बगलेत एक पोतं. गोल पोतं! आता तुम्हीच सांगा, दुष्काळाचं साल, घरातून घागर गायब, अन् मेव्हण्याच्या बगलेत गोल पोतं. व्यापारी माणूस काय हिशेब लावंल?

ती म्हणली, त्यात भोपळे होते.

भोपळे! त्र्याहत्तरच्या मे महिन्यात भोपळे! मी म्हटलं, पाऊस न्हाई, पाणी न्हाई, अन् तुझ्या भावाला भोपळे कुठून? ती म्हणली, वाळके, बी धरायला. मी म्हटलं, बरं बरं, तांब्याचं बी असंल.

संपलं. तेव्हापासून आमच्या घरात कसलंही भांडण असो. मीठ जास्त पडू द्या, पोरीचं स्थळ असू द्या, घर रंगवायचा रंग असू द्या, ती दहा वाक्यं बोलायची, सगळी बरोबर असायची, अन् शेवटी मी एकच विचारायचो, "ते सगळं खरं हाय, पण घागर कुठं हाय?" ती गप! जिंकलो! हुकमाचं पान होतं हो ते. वीस-एक वर्षांनी हे रेवणसिद्धाच्या कानावर गेलं, मानी माणूस, त्यानं आमची पायरी सोडली. तिनं पंचमीला माहेरी जाणं सोडलं. मुखेड कितीसं दूर? एका एसटीवर! पण वीस-बावीस वर्षं झाली, भाऊ-बहीण भेटले तर कुणाच्या मातीला न्हाईतर कुणाच्या लग्नात, मांडवाच्या दोन टोकांना. अन् मी? मी आपला जिंकूनच राहिलो.

तुम्ही म्हणाल, माणिकप्पा, सिनेमा गावात आला असंल ना, तेव्हा दिसली न्हाई का घागर? आला होता की! पंचाहत्तरला बाजारच्या मैदानात तंबू लागला. सारं गाव आत. अन् तो पावसाचा सीन आला, ज्यात गावातल्या सगळ्या बाया हायत, तेव्हा सारं गाव उठून उभं! "ती बघ मी! ती बघ आमची म्हैस! ए खाली बस! तू बस की!" कुणाला काय दिसलं न्हाई. तीन खेळ झाले, तिन्ही खेळांना सारं गाव त्याच जागी उभं राहिलं. ही मला कोपरानं ढोसून म्हणली, "अहो ती बघा माझी घागर!" मी पुढच्याच्या पटक्याकडं बघत म्हटलं, "तांब्याची घागर काय जगात एकच असते का?"

तर डीव्हीडी आणली. ऐतवारची दुपार, लाईट होती, शेजारचे रेणुकादास सर बोलावले. रिटायर मास्तर, सिनेमाचा लई नाद, पेपरात लेख लिहितात. शिवगंगा भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडून राहिली. टीव्हीवर अक्षरं आली. 'आवाज एक. मूळ चित्रपट.' 'आवाज दोन. विशेष, समालोचनासह.' आता मला सांगा, व्यापाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, एकात नुसता सिनेमा, दुसऱ्यात सिनेमा अन् वर काहीतरी फुकट, तर बोट कुठं जाणार? दाबलं दोन!

अन् सुरू झाला तो! वांगं झालं, आचारी झाला. एक बाई मधीमधी विचारते, "आणि सर, हा शॉट?" की सर सुटले! "हा शॉट ना, हा शॉट मी..." शॉट संपला, सर संपंनात. हिरो मेला तरी याचं आपलं, "त्याला त्या दिवशी ताप होता." मी म्हटलं, सर, डीव्हीडी खराब दिसते, कुणीतरी थेटरात बसून गप्पा मारलेल्या यात भरल्यात. रेणुकादास सर म्हणले, "अहो माणिकप्पा, हे समालोचन आहे. ज्यानं सिनेमा केला तोच म्हातारपणी आपला सिनेमा बघत बोलतो. फार दुर्मिळ चीज आहे. या माणसानं हे बोलून ठेवलं अन् पुढल्या सहा महिन्यांत वारला." घ्या! म्हणजे मेलेला माणूस, अन् तरी बोलूनच राहिला! जित्या माणसाला 'आता पुरे' म्हणता येतं, याला काय म्हणू?

मी म्हटलं, बंद करा तो आवाज. सरांनी रिमोट घेतला, चष्मा काढला, चष्मा लावला. अन् तेवढ्यात टीव्हीतला तो म्हणतो, "जळकोटला एक भांडीवाला होता."

सरांचा हात तिथंच थांबला.

"तरुण होता. रोज सेटवर यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, दुष्काळात! सर, मला घ्या, सर, मला घ्या."

आता हे बघा... सगळ्या गावाला मालूम हाय, मी त्रेचाळीस वर्षं सांगून राहिलो, की सिनेमावाले माझ्या मागं लागले होते. डायरेक्टर म्हणला, माणिकप्पा, तुम्ही पाहिजेतच. मी म्हटलं, साहेब, माफ करा, दुकान कोण बघंल? असं सांगत आलो मी. सोयरिकीत सांगितलं, पोरीच्या सासरी सांगितलं. माझ्या एकसष्टीला आमचे पुढारी आप्पासाहेब, त्यांनी भाषणात सांगितलं, "ज्यांनी रुपेरी पडद्याला नकार दिला!" टाळ्या!

अन् हा काय म्हणतो? "शेवटी दया आली म्हणून त्याला एक वाक्य दिलं. माळावर झाडाखाली उभं राहायचं, लांबून टँकर येताना दिसतो, ओरडायचं, 'आलं पाणी!' दोन शब्द. बस. सतरा टेक झाले."

ती बाई हसून विचारते, "का हो सर?"

"अहो, तो थांबेचना! 'आलं पाणी! अहो आलं, मी म्हणलो होतो का न्हाई? या, भरून घ्या, पाणी बघा कसं हाय, एकदम स्वच्छ, असं पाणी तुम्हाला पंचक्रोशीत...' मी म्हणतोय कट, कॅमेरामन हसतोय, आणि हा पाण्याचे गुण सांगतोय! इतका बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

कोण म्हणतो? तो म्हणतो! सव्वादोन तास जो श्वास घ्यायला थांबला न्हाई, वांग्यापासून सुरू झाला, मेला तरी चालू हाय, तो मला म्हणतो बोलणारा! अरे, मी भांडी विकणारा माणूस. गिऱ्हाइकापुढं डेगची ठेवली अन् 'ही डेगची' म्हणून गप बसलो, तर संध्याकाळी घरी काय घेऊन जाऊ? माल दाखवला की गुण तोंडातून आपोआप येतात! पाणी दाखवलं, पाण्याचे आले! त्यात माझी काय चूक? पण हे सांगू कुणाला? तो तर वर गेला, आवाज खाली ठेवून!

सर खिडकीतून बाहेर बघून राहिले. लई सभ्य माणूस. मी चोरून शिवगंगाकडं बघितलं. ती डाळ निवडून राहिली. खाली मान. म्हटलं, देवा, ऐकलं नसंल. मी म्हटलं, सर, आवाज एक लावा. सर म्हणले, "लावतो, लावतो." अन् शिवगंगा म्हणली, "राहू द्या सर. चांगलं बोलून राहिलाय."

मग आला पावसाचा सीन. सिनेमात शेवटी पाऊस पडतो, अन् त्या उन्हाळ्यात पाऊस कुठून आणणार? एक टँकर आणला उदगीरहून. एकच! वर नळ्या लावल्या, भोकं पाडली, खाली हिरॉईन मातीचं मडकं घेऊन उभी. अन् पाणी सुटलं! आता विचार करा, त्र्याहत्तरचा मे, सारं गाव तहानलेलं, अन् डोळ्यापुढं पाणी मातीत पडून राहिलं. फोटोसाठी!

तो सांगतो, अन् पहिल्यांदा त्याचा आवाज जरा हळू झाला, "लोक म्हणतात हा शॉट मी रचला. पुस्तकात छापून आलंय. खरं सांगू? मी नुसता ओरडत होतो, कट, कट! कारण गावातल्या बायका हातात मिळेल ते भांडं घेऊन पावसात घुसल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक तरुण बाई, तांब्याची घागर घेऊन. तिचा धक्का लागून नायिकेच्या हातातलं मडकं फुटलं, आणि नायिकेनं घाबरून त्या बाईचीच घागर धरली. दोघी एका घागरीला धरून उभ्या, वरून पाणी. कॅमेरामननं माझं ऐकलं नाही, चालू ठेवला. माझ्या सिनेमातला सगळ्यात चांगला शॉट हा मी थांबवायला निघालो होतो."

पडद्यावर ती. माझी बायको. बावीस वर्षांची. पदर खोचलेला, तोंडावर पाणी, अन् डोळे असे, की हिरॉईनच्या हातातून घागर ओढून घेणार म्हणजे घेणारच. या वेळेला पुढं कुणी उभं राहिलं न्हाई, कुणाचा पटका आड आला न्हाई. तुम्हाला सांगतो, त्रेचाळीस वर्षांत मी ती बाई बघितलीच नव्हती.

"दुसऱ्या दिवशी जवळून शॉट घ्यायचे होते, त्यासाठी तीच घागर हवी. आमची मेकअपवाली त्या बाईच्या घरी जाऊन मागून घेऊन आली, संध्याकाळी परत देतो म्हणून. आणि राहिलीच. सामानात मुंबईला आली. आजही माझ्या दिवाणखान्यात आहे. तिच्यावर नाव आहे, शिवगंगा. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून आम्ही ती बाजू सारखी फिरवून धरायचो. नावाखाली कुणीतरी एक बेलाचं पान ठोकलंय. वाकडं. पण फार मन लावून ठोकलंय हो."

टीव्हीवर पाऊस पडून राहिला, सरांनी चष्मा पुसायला काढला तो लावलाच न्हाई, अन् म्हणले, "माणिकप्पा, मी येतो आता, घरी चहा ठेवलाय." घरी चहा! सरांच्या मंडळी तेव्हा नांदेडला लेकीकडं! गेले. अन् खोलीत आम्ही तिघं. मी, शिवगंगा, अन् तो. अन् तो माणूस बोलूनच राहिला!

मी म्हटलं, आता ही उठंल. आता त्रेचाळीस वर्षांचं व्याजासकट काढंल. मी मान खाली घालून तयार. ती काय म्हणली? "जरा मागं घ्या. परत लावा ते." लावलं. बेलाचं पान परत आलं. "परत लावा." परत लावलं. तिसऱ्या खेपेला मीच विचारलं, "ते... ते सतरा टेकचं, तू आज ऐकलं?"

ती म्हणली, "मेकअपवाली घागर न्यायला आली तेव्हाच सांगून गेलती. तुमचा नवरा कालपासून दिसत न्हाई, रुसला काय, म्हणली."

म्हणजे हिला मालूम होतं! त्रेचाळीस वर्षं! मी का उदगीरला पळालतो ते मालूम, मी चारचौघांत नकाराची गोष्ट सांगायचो तेव्हा ही चहाचा ट्रे घेऊन उभी, एकसष्टीला टाळ्या वाजल्या तेव्हा हिनंही वाजवल्या! अन् मी हिला दर भांडणाला घागर फेकून मारून राहिलो! मी म्हटलं, "अगं, मग बोलली का न्हाईस?"

म्हणली, "तुम्ही बोलू दिलं तर ना."

मग तिनं फोन उचलला. मुखेडला लावला. एक शब्द बोलली न्हाई, नुसता फोन टीव्हीजवळ धरला. तो तिकडं ऐकून राहिला, हा इकडं बोलून राहिला. घागर झाली, नाव झालं, पान झालं. मग तिनं फोन माझ्या हातात दिला. म्हटलं आता रेवणसिद्ध बोलंल, बोलू दे, हक्क हाय त्याचा. तिकडून आवाज आला, म्हातारा झालाय हो आवाज,

"दाजी... जेवलात का?"

बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी आयुष्यभर बोलून राहिलो, अन् तिथं मला 'हाव' सुद्धा म्हणता येईना.

आठ दिवसांनी आला तो. बावीस वर्षांनी पायरी चढला. बगलेत काय? पोतं. गोल! माझ्यापुढं ठेवलं, अन् म्हणला, "दाजी, सोडून बघा." भोपळे! हसला पण न्हाई माणूस. बहीण-भाऊ दिवसभर बसले, मधी ताट, अन् रेवणसिद्ध म्हणला, दाजी, तेवढा तो सिनेमा लावा की. मीच लावला. माझ्याच हातानं, आवाज दोन.

मी म्हटलं, शिवगंगा, सरांकडून पत्ता काढतो, मुंबईला त्या डायरेक्टरच्या पोराला पत्र घालतो, घागर मागवून घेतो. तर म्हणली, "कशाला? भरायला पाणी कुठं हाय? राहू द्या तिकडंच. सबूत हाय तो माझा. इथं आणला तर तुम्ही परत हरवाल." 

तर आता असं हाय. घरात भांडण होतच न्हाई. मी जरा आवाज चढवला, भाजीत मीठ म्हणा, काहीही म्हणा, ती एक अक्षर बोलत न्हाई. नुसता रिमोट उचलते. बरोब्बर जागा पाठ झाली तिला. "जळकोटला एक भांडीवाला होता..." की मी गप! एकदा मी डीव्हीडी लपवली, दुकानात डेगच्यांच्या उतरंडीत. दुसऱ्या दिवशी परत सुरू! सरांनी तिच्या तीन कॉप्या काढून दिल्यात म्हणे, एक घरी, एक मुखेडला, अन् एक सरांकडं, लेख लिहायला. लेखाचं नाव काय ठेवलंय विचारू नका. अन् ह्या घागरी? कुणी सांगितलं न्हाई मला, महादेवाची आण. पण ऐतवारी टँकरचा भोंगा वाजला, ती उठाय लागली, अन् का कोण जाणे, मीच म्हटलं, बस तू, मी भरतो. प्लॅस्टिकच्याच घेतल्या. तांब्याची कोणत्या तोंडानं उचलू?

थांबा... थांबा जरा. गप बसा सगळे. ऐकू आलं? वळणावर... हाव, तोच भोंगा.

आलं पाणी!

...बघा! बघा की हो! दोन शब्द! पहिल्या टेकला! त्रेचाळीस वर्षांनी बरोब्बर जमलं, अन् आता त्याला दाखवायला... बरं, सोडा. सरका पुढं. लाईनीत माझा नंबर कितवा हाय? सतरावा? राहू द्या, मला मालूमच होतं.